भूजलातील विष : एका समृद्ध दरीची न फिटलेली बाकी



पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या अनेक मध्यमवर्गीय घरांचा कॅलिफोर्नियातील सांता क्लारा परगण्याशी आज घरोब्याचा संबंध आहे. कोणाचा मुलगा सनीव्हेलला असतो, कोणाची सून माउंटन व्ह्यूला नोकरीस जाते. आई-वडील सहा महिने तिकडे राहून येतात आणि तेथील स्वच्छ रस्त्यांचे, निळ्या आकाशाचे, निगुतीने राखलेल्या हिरवळीचे वर्णन करतात. ते वर्णन खरे आहे. सिलिकॉन व्हॅली या नावाने जगाला ठाऊक झालेल्या या दरीत धुराडी दिसत नाहीत, काळे सांडपाणी वाहताना दिसत नाही. तरीही अमेरिकेच्या केंद्र सरकारने अतिदूषित जागांची जी राष्ट्रीय यादी केली आहे, तीत या एकट्या परगण्यातील २३ जागा आहेत. अन्य कोणत्याही परगण्याच्या वाट्याला इतक्या जागा आलेल्या नाहीत. दूषण आहे ते जमिनीखाली, पाण्यात. ते तेथे कसे पोहोचले आणि चाळीस वर्षे उपसूनही ते पुरते का निघत नाही, हे जाणून घेणे महाराष्ट्राच्या दृष्टीने अगत्याचे आहे. कारण येथे औद्योगिक वसाहत आणि विंधण विहीर अनेक ठिकाणी एकमेकींच्या शेजारी नांदत आहेत.

या दरीचा पूर्वेतिहास शेतीचा आहे. जर्दाळू आणि आलुबुखार यांच्या बागांनी ती भरलेली होती आणि त्या बागा विहिरींच्या पाण्यावर पोसल्या जात. उपसा इतका झाला की, विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत सॅन होजे शहरातील जमीन सुमारे चार मीटर खचली. पुढे बाहेरून पाणी आणून आणि पाझर तलावांत ते जिरवून ही खचण थांबवण्यात आली. १९५७ साली फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी स्थापन झाली. तिच्यातून बाहेर पडलेल्या रॉबर्ट नॉइस व गॉर्डन मूर यांनी १९६८ साली इंटेलची मुहूर्तमेढ रोवली. बघता बघता बागा तुटल्या आणि कारखाने उभे राहिले. बागांच्या विहिरी मात्र जमिनीत तशाच राहिल्या. त्यांचा हिशेब पुढे द्यावा लागला.

संगणकाची चिप ज्या सिलिकॉनच्या चकतीवर घडते, तिच्यावर तेलाचा किंवा मळाचा कणही चालत नाही. धुण्यासाठी लागते ते रासायनिक द्रावक. ट्रायक्लोरोएथिलीन, म्हणजे टीसीई, आणि त्याचा भाऊबंद ट्रायक्लोरोएथेन, म्हणजे टीसीए, ही या कामाची आवडती द्रावके होती. तेल-वंगण झटकन विरघळवावे, सहजासहजी पेट घेऊ नये आणि वस्तू धुतल्यावर उडून जाऊन ती कोरडी करावी, असे त्यांचे गुण. कारखानदाराला आणखी काय हवे? वापरलेले द्रावक जमिनीखालच्या टाक्यांत साठवले जाई. अनेक ठिकाणी ते सरळ उघड्या जमिनीवरही ओतले गेले. उन्हात उडून जाईल, अशी त्या काळची समजूत होती.

१९८१ च्या अखेरीस दक्षिण सॅन होजेतील फेअरचाइल्डच्या कारखान्यातील अशी एक टाकी गळत असल्याचे उघडकीस आले. दोन लाख लिटरांहून अधिक द्रावक जमिनीत गेले होते. तेथून सुमारे सहाशे मीटरवर सार्वजनिक पाणीपुरवठ्याची विहीर होती आणि तिच्या पाण्यात टीसीए सापडले. विहीर बंद करण्यात आली. शेजारच्या लॉस पासेओस वस्तीतील रहिवाशांना ही गोष्ट कळली ती मात्र १९८२ च्या जानेवारीत, वर्तमानपत्रातून. त्या वस्तीत गर्भपात आणि बालकांतील जन्मजात दोष अधिक दिसत असल्याची शंका तेथील मातांनी घेतली. राज्याच्या आरोग्य विभागाने पाहणी केली. १९८५ साली तिचे निष्कर्ष आले तेव्हा हे प्रमाण अपेक्षेपेक्षा खरोखरच जास्त आढळले. परंतु पाणी हेच त्याचे कारण, असे ठरवता आले नाही. पुढच्या पाहण्यांतही हा दुवा जुळला नाही. या मातांच्या शंकेला ‘सिद्ध’ म्हणता येत नाही आणि ‘निराधार’ म्हणून ती झटकूनही टाकता येत नाही. भूजलाच्या दूषणाचा हा स्वभावच आहे. कोणी, कधी, किती पाणी प्यायले आणि त्या दिवशी त्या पाण्यात किती विष होते, याची नोंद कोणाकडेच नसते.

एवढे खरे की, त्या घटनेने दरी जागी झाली. जेथे जेथे टाक्या तपासल्या, तेथे बहुतेक ठिकाणी गळती निघाली. १९८३ साली कॅलिफोर्नियाने आणि १९८४ साली केंद्राने भूमिगत टाक्यांसाठी कायदे केले. दुहेरी भिंतीची टाकी आणि गळती ओळखणारी यंत्रणा हे नियम त्यातून आले. टीसीई माणसाला कर्करोग करते, असा स्पष्ट निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला. म्हणजे गळती सापडल्यानंतर तब्बल तीस वर्षांनी.

येथे थोडे गणित मांडणे आवश्यक आहे. टीसीई पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड आहे. तेल किंवा पेट्रोल सांडले तर ते भूजलाच्या पृष्ठभागावर तरंगते, त्यामुळे त्याला गाठता येते. टीसीई मात्र पाण्यातून खाली बुडते. वाट मिळेल तसे उतरत ते चिकणमातीच्या एखाद्या थरावर थबकते, तेथून बाजूला सरकते, फट मिळाली की पुन्हा खाली जाते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, लिटरमागे एक ग्रॅमच्या थोडे वर. परंतु अमेरिकेने पिण्याच्या पाण्यासाठी घालून दिलेली मर्यादा आहे लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या दहा लाखांश भागाच्या पाचपट. जे ‘फारसे विरघळत नाही’, तेच मर्यादेच्या दोन लाख पटींहून अधिक भरते! एक लिटर टीसीई सुमारे २९ कोटी लिटर पाण्याला या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवू शकते. माणशी ५५ लिटर धरले तर दहा हजार वस्तीच्या गावाचे हे जवळजवळ दीड वर्षाचे पाणी होते. फेअरचाइल्डच्या टाकीतून गेलेले द्रव्य एक लिटर नव्हते, दोन लाखांहून अधिक होते.

दूषण सापडल्यावर पहिला उपाय सुचतो तो उपशाचा. पाणी वर काढावे, ते उंच मनोऱ्यातून खाली सोडून त्यात हवा खेळवावी म्हणजे द्रावक उडून जाते, अथवा ते सक्रिय कोळशाच्या थरातून गाळावे आणि स्वच्छ पाणी सोडून द्यावे. दक्षिण सॅन होजेत हेच झाले. जोडीला १९८६ साली जागेभोवती बेंटोनाइट मातीची भूमिगत भिंत घालून दूषित भाग कोंडण्यात आला आणि कोरड्या मातीतील वाफ शोषून घेणारी यंत्रे बसवण्यात आली. माउंटन व्ह्यू येथे तर अनेक कंपन्यांच्या गळत्या जमिनीखाली एकमेकींत मिसळल्या होत्या; त्यांचा एकत्रित उपसा करावा लागला. आरंभी परिणाम उत्तम दिसतो. दूषणाचे प्रमाण झपाट्याने उतरते, अभियंते आनंदतात. मग उतरण मंदावते. आकडा मर्यादेच्या वरच कोठेतरी अडकून राहतो. पंप थांबवले की काही महिन्यांत तो पुन्हा चढतो.

असे का होते, हे समजण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. ताकाचे मातीचे मडके रिकामे करून घासून-पुसून त्यात स्वच्छ पाणी भरावे. थोड्या वेळाने त्या पाण्याला आंबूस वास येतो. ताक मडक्यात उरलेले नसते, मडक्याच्या अंगात मुरलेले असते. जमिनीचेही तसेच आहे. वाळूच्या थरातून पाणी वाहते आणि उपशाने तो थर धुतला जातो. पण त्याला लागून असलेल्या चिकणमातीत द्रावक वर्षानुवर्षे मुरत गेलेले असते. वाळूतील पाणी स्वच्छ झाले की, मातीत मुरलेले विष उलट दिशेने हळूहळू बाहेर झिरपू लागते. आत जायला वीस वर्षे लागली असतील, तर बाहेर यायला त्याहून कितीतरी अधिक लागतात. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे जॉन चेरी यांनी १९८० च्या दशकात या अडचणीकडे जगाचे लक्ष वेधले. भूजलविज्ञानातील कार्यासाठी त्यांना २०२० साली स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ च्या अहवालात उपसा चालू असलेल्या ७७ जागांचा आढावा घेतला, तेव्हा ठरवलेले उद्दिष्ट गाठलेल्या जागा जेमतेम ८ निघाल्या. अब्जावधी डॉलर खर्चणाऱ्या देशाची ही कथा आहे. ‘आधी उद्योग येऊ द्या, साफसफाई नंतर पाहू’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा जवळ बाळगावा.

उपशाची मर्यादा कळल्यावर शास्त्रज्ञांनी वाट बदलली. विष वर काढण्याऐवजी जागच्या जागी मोडावे, असा विचार सुरू झाला. त्यातील पहिली युक्ती इतकी साधी की आश्चर्य वाटावे. वॉटर्लू विद्यापीठातच रॉबर्ट गिलहॅम आणि त्यांचे सहकारी भूजलाचे नमुने घेण्याच्या साधनांचा अभ्यास करीत होते. धातूच्या संपर्कात ठेवलेल्या पाण्यातील द्रावक आपोआप कमी होते, असे त्यांच्या लक्षात आले. एरवी हा प्रयोगातील दोष मानला गेला असता. त्यांनी त्यातून औषध काढले. लोखंड गंजताना इलेक्ट्रॉन सोडते. ते टीसीईच्या रेणूला मिळाले की, त्यातील क्लोरीन सुटतो आणि शेवटी उरतात ते एथिलीनसारखे निरुपद्रवी वायू. मग भूजलाच्या वाटेवर आडवा चर खणून त्यात लोखंडाचा कीस भरावा, पाण्याने आपल्या गतीने त्यातून जावे आणि पलीकडे स्वच्छ होऊन निघावे! ना पंप, ना वीज. व्यापारी तत्त्वावरील अशी पहिली लोखंडी भिंत १९९४-९५ च्या हिवाळ्यात उभी राहिली ती याच सनीव्हेलमध्ये, चिप बनवणाऱ्या एका जुन्या कारखान्याच्या जागेत. आणि तिने तेथील उपशाच्या यंत्रणेची जागा घेतली. भिंतीतून जे पाणी जाते तेवढेच शुद्ध होते, उगमाशी साठलेल्या द्रव्याला ती हात लावत नाही, हे मात्र विसरून चालणार नाही.

दुसरा उपाय जिवाणूंचा. १९९७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी एक विलक्षण जिवाणू वेगळा काढला. तो सापडला सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या गाळात. डिहॅलोकोकॉइडीस असे त्याचे नाव. प्राणी जसे प्राणवायूवर श्वसन करतात, तसा हा जिवाणू क्लोरीनयुक्त द्रावकांवर ‘श्वसन’ करतो आणि त्यांतील एकेक क्लोरीन काढत शेवटी एथिलीन उरवतो. त्याला प्राणवायू सोसत नाही, म्हणून जमिनीखाली प्राणवायू संपेल अशी व्यवस्था करावी लागते. त्यासाठी विहिरींतून सोडतात ते काय, तर वनस्पती तेलाचे दुधासारखे पायस किंवा चक्क मळी! साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला मळीचा हा उपयोग विशेष वाटेल. पण येथेही एक सापळा आहे. क्लोरीन एकेक करून निघत असताना वाटेत व्हिनाइल क्लोराइड तयार होते आणि ते टीसीईहूनही घातक. योग्य जिवाणू नसतील किंवा त्यांचे खाद्य मध्येच संपले, तर काम तेथेच अडते आणि उपाय मूळ रोगाहून वाईट ठरतो. म्हणूनच हे काम एकदा मळी ओतून निघून जाणाऱ्या ठेकेदाराचे नव्हे. वर्षानुवर्षे नमुने तपासत राहणाऱ्याचे आहे. उगमाशी द्रावक दाट साठले असेल, तर जमिनीत विजेचे दांडे रोवून माती पाणी उकळेपर्यंत तापवतात आणि निघालेली वाफ शोषून घेतात. हे लवकर होते, पण खर्च प्रचंड.

पाणी पिणे बंद केले म्हणजे सुटका झाली, असेही नाही. टीसीई उडून जाणारे आहे, म्हणून ते भूजलातून वाफेच्या रूपाने मातीत चढते आणि इमारतीच्या फरशीच्या भेगांतून खोल्यांत शिरते. माउंटन व्ह्यूत साफसफाईचा मूळ निर्णय १९८९ साली झाला होता. या वाफेसाठी २०१० साली त्यात भर घालावी लागली. त्यानंतरही २०१२-१३ च्या हिवाळ्यात तेथील गूगलच्या दोन इमारतींत टीसीईचे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त आढळले. हवा खेळवणाऱ्या यंत्रणेत काही बदल केले गेले होते, तेवढे निमित्त पुरले. जगातील अत्यंत बुद्धिमान तरुण ज्या जागी बसून काम करीत होते, त्या जागेखाली मागच्या पिढीचे विष होते. ते त्यांच्यापैकी कितीजणांना ठाऊक होते?

पैसा कोणी द्यायचा, हा प्रश्न तांत्रिक प्रश्नाइतकाच मोठा आहे. लव्ह कॅनॉल येथील प्रकरण गाजल्यावर अमेरिकेने डिसेंबर १९८० मध्ये सुपरफंड कायदा केला. त्याचे सूत्र सरळ आहे : दूषण करणारा खर्च देईल, तो कृत्य करताना कायद्याने मोकळा होता तरीही देईल. आणि जेथे दोषी दिवाळखोर झाला किंवा नाहीसा झाला, तेथे रासायनिक व तेल उद्योगांवरील करातून जमलेला निधी कामी येईल. हा कर १९९५ साली संपला. निधी आटत गेला आणि अनाथ जागांचा भार सामान्य करदात्यावर आला. रसायनांवरील कर २०२१ च्या कायद्याने आणि तेलावरील कर २०२२ च्या कायद्याने पुन्हा बसला. मधली पंचवीस वर्षे गेली. चिकणमातीतून झिरपणारे विष मात्र कराची मुदत पाहून थांबत नाही.

आता महाराष्ट्राकडे वळू. औषधनिर्मिती, रंग, धातूचे सुटे भाग, अगदी कपड्यांचे ड्रायक्लीनिंग या सर्व व्यवसायांत द्रावके लागतात आणि हे सर्व व्यवसाय येथे आहेत. राज्याचा सुमारे ८० टक्के भूभाग दख्खनच्या काळ्या कातळाचा आहे. सांता क्लाराच्या वाळू-मातीत पाणी कोणीकडे चालले आहे, याचा अंदाज तरी बांधता येतो. कातळात ते भेगांतून, सांध्यांतून, दोन लाव्हाथरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यांतून वाहते. शेजारच्या दोन बोअरपैकी एकीला पाणी लागते आणि दुसरी कोरडी जाते, हा अनुभव प्रत्येक शेतकऱ्याला आहे. पाणीच जेथे असे लहरी, तेथे त्यात बुडणाऱ्या द्रावकाचा माग काढणे किती कठीण, हे सांगायला नको.

सांता क्लाराच्या जुन्या विहिरींचे महत्त्व येथे ध्यानात येते. बागा गेल्यावर टाकून दिलेल्या त्या विहिरी वरच्या थरातील दूषित पाणी खालच्या चांगल्या थरात नेणाऱ्या नळ्या ठरल्या. त्या शोधून शास्त्रशुद्ध बुजवण्याचे काम तेथे वर्षानुवर्षे करावे लागले. आपल्याकडे निकामी बोअरची चर्चा होते ती एखादे मूल त्यात पडले म्हणजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली त्या कारणासाठी निर्देशही दिले. पण वरून दगड ठेवून किंवा टोपण बसवून मूल वाचेल, खालचे पाणी वाचणार नाही. बोअर तळापासून वरपर्यंत योग्य मिश्रणाने भरावी लागते.

दूषणाचा खर्च वसूल करण्याचा भारतीय इतिहासही धडा घेण्याजोगा आहे. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात १९८० च्या दशकाच्या शेवटी एच-ॲसिड हे रंगउद्योगाला लागणारे रसायन बनवणाऱ्या कारखान्यांचा गाळ व सांडपाणी जमिनीत मुरले आणि विहिरींचे पाणी रंगीत झाले. तेथे निदान पाणी डोळ्यांना दिसत होते; टीसीईला रंग नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६ रोजी दूषण करणाऱ्यानेच खर्च द्यावा, हे तत्त्व ठामपणे लागू केले. नागपूरच्या नीरी संस्थेच्या अभ्यासाच्या आधारे ही रक्कम सुमारे ३७ कोटी ३८ लाख रुपये ठरली. रक्कम भरण्याऐवजी अर्जांमागून अर्ज होत राहिले. २०११ साली न्यायालयाने ते फेटाळून चक्रवाढ व्याजासह भरणा करण्याचा आदेश दिला. निकाल लागला, तत्त्व प्रस्थापित झाले. पण पहिल्या निकालापासून वसुलीच्या या आदेशापर्यंत पंधरा वर्षे लोटली.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले आहेत. त्यांनुसार संशयित जागा स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन स्वतःहून नोंदवू शकते आणि नागरिकांच्या तक्रारीवरूनही नोंदवू शकते. पुढे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासणी करायची आणि जबाबदार ठरेल त्याने खर्च सोसायचा. औद्योगिक वसाहतीलगतच्या गावात किंवा गृहसंकुलात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे नियम वाचून ठेवावेत, कारण तक्रार करणारा कोणी नसेल तर हे दार उघडणार नाही.

तक्रारीला आधार लागतो तपासणीचा. घरातील टीडीएस मीटर क्षार मोजतो, टीसीई मोजत नाही. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट, जिवाणू पाहतात. द्रावके त्यात येत नाहीत. अतिनील दिव्याच्या यंत्राचा येथे उपयोग नाही. आरओचा पडदाही या लहान रेणूंना पुरेसा अडवत नाही, आणि सक्रिय कोळसा अडवतो तो वेळेवर बदलला तरच. म्हणून प्रयोगशाळेकडे ‘बाष्पशील सेंद्रिय संयुगांची’ तपासणी नाव घेऊन मागावी लागते. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घेऊ नये. काचेच्या लहान कुपीत तो काठोकाठ भरावा, झाकण लावून कुपी उलटी करून पाहावी आणि बर्फात ठेवून पाठवावी. आत हवेचा बुडबुडा राहिला, तर द्रावक पाण्यातून निघून त्या बुडबुड्यात जाते आणि अहवालात पाणी निर्दोष दिसते.